निरोगी माणसाचा आकडा

हॉस्पिटलात तिला सगळे आकडेबाई म्हणायचे, आणि तेही अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. एवढं मोठं हॉस्पिटल, तळघरात एवढं महागाचं एमआरआय मशीन, आणि तिच्या कामाला ते मिळायचं कधी, तर सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी. त्यातही कधी तातडीचा पेशंट मध्येच घुसायचा, कधी मशीनची रोजची तपासणी लांबायची, कधी तंत्रज्ञच उशिरा उगवायचा. वर विभागप्रमुख साहेब भेटले की विचारणार, काय बाई, आकडा अजून स्थिर होत नाही का? मशीन जरा स्थिर मिळू दे, मग होईल आकडा स्थिर, असं तिच्या जिभेवर यायचं. ती ते गिळायची. गिळून गिळून तिला पित्ताचा त्रास जडला होता.

काम तसं सांगायला सोपं. मेंदूत कुठे किती रक्त खेळतंय हे बघायचं तर एरवी हाताला सुई टोचतात, कॉन्ट्रास्टचं औषध सोडतात आणि ते मेंदूत कसं पसरतं ते बघतात. हिची पद्धत बिनसुईची. मेंदूत सगळीकडे पाणी आहे आणि ते सारखं हलतंय. पेशींच्या आसपासचं पाणी रेंगाळत असतं, कामधंदा नसल्यासारखं. पण केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधलं पाणी घाईत असतं. चुंबकाचा आधी अगदी हलका धक्का द्यायचा, की हे घाईतलं पाणी चित्रातून गळतं. मग धक्के वाढवत न्यायचे, की रेंगाळणारंही हळूहळू गळतं. त्या पहिल्या हलक्या धक्क्यांना चित्र जेवढं अंधूक होतं, तेवढं तिथे खेळतं रक्त. झालं, हेच ते डिफ्यूजनवरून, म्हणजे पाण्याच्या हालचालीवरून, रक्तप्रवाह मोजणं. ऐकायला काय गोड वाटतं. पण ते अंधूक होणं इतकं कणभर असतं, की माणसाने मान जराशी हलवली तरी सगळी मेहनत फुकट.

म्हणून आधी धडधाकट माणसांची डोकी मोजायची, पुन्हा पुन्हा मोजायची, आणि निरोगी माणसाचा आकडा पक्का करायचा. मग पेशंटचा आकडा त्याच्या शेजारी ठेवायचा. आता धडधाकट माणसं आणायची कुठून? उजाडता उजाडता थंडगार तळघरात येऊन मशीनच्या बोगद्यात पडून राहायला कोण रिकामं बसलंय? शेवटी हॉस्पिटलातलीच माणसं धरून आणावी लागायची. नर्सेस, प्रयोगशाळेतली पोरं, तो तंत्रज्ञ, एकदा स्वतःचा नवरा, आणि कुणीच नाही मिळालं तर ती स्वतः. मशीनच्या खोलीबाहेर कॉफीचं मशीन होतं. येईल त्याला तिच्यातर्फे गरमागरम कॉफी. अर्धे लोक विज्ञानासाठी नाही, त्या कॉफीसाठी यायचे. कप रिकामा झाला की आत.

तंत्रज्ञाला सगळे भोंगा म्हणत, कारण आत झोपलेल्या माणसाशी तो मायक्रोफोनवरून असा बोलायचा की वरच्या मजल्यावरचे लोकही हालचाल बंद करायचे. भोंगा मनाने चांगला होता. फक्त त्याला घाई असायची, आणि हिचं काम म्हणजे घाईचं वैरी. तुमचे हे एवढे धक्के कशाला लागतात, दोन कमी केले तर नाही का चालणार, हे त्याचं रोजचं पालुपद. नाही चालणार, हे तिचं.

असं ते वर्षानुवर्षं चाललं. आणि मग तिच्या घरातच पेशंट निघाला.

ताई म्हणजे तिची मोठी नणंद. मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी आपणच शिकवली, आणि उरलेल्या निम्म्यांना येतच नाही, असं त्यांचं ठाम मत. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, त्याच्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. बाकी सगळ्याबद्दल काढत. तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने फक्त मान हलवायची. भावजयीलाही त्यांनी हौसेने गाडी शिकवली होती, लायसन्स मिळेपर्यंत पिच्छा सोडला नव्हता, आणि मग कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, तू गाडी चालवत नाहीस गं, तू गाडीची परवानगी मागत बसतेस.

तर या ताईंच्या एका डोळ्यापुढे अधूनमधून अंधारी यायला लागली. पडदा ओढल्यासारखी यायची, थोड्या वेळाने जायची. एकदा हातातली पेन्सिल गळून पडली आणि बोटं ती उचलेनात. तपासण्या झाल्या. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या अरुंद झालेल्या, आणि एका बाजूची नाही, दोन्ही बाजूंच्या.

सर्जन मोजकं बोलणारा माणूस. त्याने सरळ सांगितलं. ऑपरेशन करता येईल, पण ताईंचं हृदय तितकंसं धड नाही, मूत्रपिंडं तर अगदीच अशक्त, त्यामुळे टेबलावरच काही होण्याची भीती आहे. उलट आडवाटेने का होईना, मेंदूला पुरेसं रक्त पोचत असेल तर गोळ्यांवर भागेल, उगाच चाकू लावू नये. पण मेंदू उपाशी असेल, तर ऑपरेशन टाळणं म्हणजे आज ना उद्या मोठा झटका. म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं, मेंदूला रक्त पोचतंय किती. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं, कारण त्या मूत्रपिंडांना कॉन्ट्रास्टचं औषध झेपणारं नव्हतं. बिनसुईची दुसरी एक पद्धत आहे, पण वाटा अरुंद असल्या की रक्त उशिरा पोचतं आणि ती पद्धत फसते. एकच बाजू बिघडलेली असती तर दुसऱ्या बाजूशी तुलना करता आली असती. इथे दोन्ही बाजू सारख्याच. तुलना करायची ती निरोगी माणसाशीच.

"घरात मशीनवाली असताना बाहेर कुणाला कशाला विचारायचं?" ताई म्हणाल्या. भावजयीचं काम त्यांना कधी कळलं नव्हतं, पण या बाबतीत त्यांचा तिच्यावर आंधळा विश्वास होता. तिला त्याचंच दडपण आलं.

आदल्या दिवसापासून कॉफी बंद, हे तिने त्यांना बजावून सांगितलं. प्रत्येक पेशंटला ती हे सांगायचीच, कारण कॉफीने मेंदूतल्या बारीक वाहिन्या आखडतात आणि रक्त कमी दिसतं. ताईंनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं. दिवसभर कॉफीच्या कपाशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशी बाई ती. दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंटांच्या वेळेत, तळघरात आल्या त्याच मुळी वैतागून, आणि आत गेल्यावर भोंग्याला सूचना द्यायला लागल्या. आवाज केवढा येतोय, मशीनचं सर्व्हिसिंग कधी केलंय, पट्टा सैल आहे का. एक खेप बोलण्यात वाया गेली, दुसरी खोकण्यात. तिसऱ्या खेपेला हिने स्वतः मायक्रोफोन हातात घेतला आणि दातओठ खाऊन सांगितलं, ताई, आता तोंडातून हूं की चूं काढलंत तर मी घरी येणार नाही. मग कुठे त्या मुकाट पडून राहिल्या.

आकडा आला. तिने तो पुन्हा काढला, मेंदूचे भाग वेगवेगळे करून काढला. प्रत्येक वेळी तो निरोगी माणसाच्या आकड्यात अगदी फिट्ट बसला.

सर्जनने बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि मान डोलावली. गोळ्या चालू ठेवा, ऑपरेशन नको. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवरा तर लहान पोरासारखा रडला. आणि साहेब? इतकी वर्षं अंग चोरणारे साहेब एकदम पुढे झाले. तिच्या पद्धतीने पहिल्यांदाच एका पेशंटचा निर्णय झाला होता. मोठ्या परिषदेत ते हेच मांडणार होते, आणि आपली पद्धत असं म्हणत होते. तिला हसावं की रडावं कळेना.

पण खरा वैताग पुढेच होता. ताईंना आता कुणी काही बोलायची सोय उरली नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, माझा मेंदू मशीनने मोजलाय, नॉर्मल आहे, तुझा मोजलाय का? गाडी चालवणं जरा कमी करा म्हटलं तर नॉर्मल. थोडं पडा म्हटलं तर नॉर्मल. आणि अंधारी? ती येतच होती. किल्ली कुलपात घालताना हात भलतीकडे जातो, हे नवऱ्याने डोळ्यांनी पाहिलं. बोलता बोलता शब्द अडतो, हे हिने ऐकलं. विचारलं तर झोप नीट झाली नाही, चष्मा बदलायला झालाय, अशी थातुरमातुर उत्तरं. एकदा तिने हट्टाने विषय लावून धरला, तर ताईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू शिकाऊ माणसाने चालत्या गाडीत स्टिअरिंग सोडलंय.

"तूच म्हणालीस ना पुरेसं आहे म्हणून? मग आता काय आहे?"

तिने पुन्हा सगळं उकरलं. आकडेमोड तपासली, चित्रं एक एक करून पाहिली, ताईंची मान हलली होती का ते पाहिलं. कुठेही चूक नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं, इतकी ती कातावली होती. नवरा म्हणाला, अगं, मग आकडा बरोबरच असेल. ती त्याच्यावर खेकसली. तो बिचारा उठून आत गेला आणि तिला आणखीनच वाईट वाटलं.

मग एका सकाळी कॉफीचं मशीन बिघडलं.

कुणाच्या मनातही काही आलं नाही. लोक करवादले, एवढंच. ठरलेले तिघे तसेच आत गेले आणि तिघांचेही आकडे वर आले. थोडेथोडके नाही, चांगलेच वर. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आता मशीनही दगा देणार का? तिने भोंग्याला फैलावर घेतलं. काल काय बदललंस, कुणी हात लावला, आधीच सांगितलं होतं तुला. भोंगा दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसला होता. काहीही बदललेलं नाही, आणि कृपा करून ओरडू नका, कॉफी नाही मिळाली तर माझं डोकं ठणकतं, असं तो कण्हत म्हणाला. तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मशीन तपासायला पाण्याची सीलबंद बाटली असते, ती तिने बोगद्यात ठेवून मोजली. बाटलीचा आकडा नेहमीचाच. तंतोतंत.

मशीन ठीक होतं. म्हणजे माणसं बदलली होती. ती बाटली हातात घेऊन उभी राहिली, समोर कपाळ दाबून बसलेला भोंगा, त्याच्यामागे बंद पडलेलं कॉफीचं मशीन. 

पेशंटला आदल्या दिवसापासून कॉफी बंद. आणि निरोगी माणसं? ती तर आपलीच माणसं. त्यांना सूचना कोण देणार? त्यांच्या हातात तिनेच कप दिला होता, वर आग्रह करून. इतक्या वर्षांत जी जी धडधाकट डोकी तिने मोजली, ती सगळी कॉफीने आखडलेली होती. तिचं स्वतःचं सुद्धा. आणि तो आकडा तिने निरोगी माणसाचा म्हणून छातीठोकपणे सांगितला होता. ताईंचा आकडा त्यात फिट्ट बसला, आणि कॉफी तर त्यांनी घेतलीच नव्हती. उलट सवयीच्या माणसाची कॉफी तुटली की मेंदूतलं रक्त वाढतं, आज या तिघांचं वाढलं तसं. ताईंचं वाढूनही या आखडलेल्या डोक्यांएवढंच होतं.

ती खुर्चीत बसली. शरम वाटली, पण शरमेपेक्षा संताप जास्त होता. चूक मोठी अवघड असती, गणिताच्या कुठल्यातरी कोपऱ्यात लपलेली असती, तरी तिने स्वतःला माफ केलं असतं. ही तर रोज सकाळी वाफा सोडत समोर उभी होती.

पण एवढ्यावर निकाल देऊन चालणार नव्हतं. तिघांचा आकडा कॉफी तुटल्यामुळे खऱ्यापेक्षा वर गेलेला असणार. मग तिने हॉस्पिटल पालथं घालून कॉफीला कधीच न शिवणारी माणसं शोधली. फार नव्हती. जी सापडली त्यांना विनवण्या करून आत झोपवलं. त्यांचा आकडा दोन्हींच्या मधे आला, त्या तिघांच्या खाली, पण जुन्या आकड्याच्या बराच वर. ताई त्याच्या कितीतरी खाली. खाली म्हणजे उपाशी.

ती आधी साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, घाई नको. ही चार माणसं म्हणजे काही पुरावा नाही. परिषद होऊन जाऊ दे, मग सावकाश नवी माणसं मोजू, सुधारणा म्हणून छापू. तोवर उगाच बोभाटा कशाला? आयुष्यभर गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. तोवर माझी नणंद रस्त्यावर गाडी शिकवतेय साहेब, असं ती म्हणाली, आणि दार जोरात ढकलून बाहेर पडली. दाराला वरती ते सावकाश मिटवणारा दांडा असल्यामुळे ते आपटलं नाही, हळूच मिटलं. तेवढाही आनंद तिला मिळाला नाही.

सर्जनला तिने सगळं सांगितलं, कॉफीसकट. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. 

"तेव्हा तुम्ही म्हणालात पोट भरलेलं आहे. आता म्हणता उपाशी आहे. दोन्ही वेळा पद्धत तुमचीच. मी कुठल्या आकड्यावर सुरी चालवू?"

तो चिडला नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. त्यांना घेऊन या, मी स्वतः बोलतो, पुन्हा तपासतो, एवढं तो म्हणाला. पण आपणच ऑपरेशन नको म्हटलेल्या पेशंटला पुन्हा त्याच टेबलाकडे वळवायचं, तर आधी पेशंटने यायला हवं. आणा त्यांना.

आणा म्हणे. जशी काही ताई म्हणजे पिशवी.

दुपारी ती ड्रायव्हिंग स्कूलवर पोचली तेव्हा ताई फाटकाशीच गाडी पुसत होत्या. महत्त्वाचं बोलायचंय म्हटल्यावर म्हणाल्या, मला टायर दाखवायला जायचंय, बस, तूच चालव, चालवता चालवता बोल, तुझा हातही मोकळा होईल. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती चालकाच्या जागी बसली, ताई शेजारी. शिकवायच्या गाडीत शेजारच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ताईंचा पाय सवयीने त्यावर गेला.

सरळ रस्ता लागल्यावर तिने सांगितलं. कॉफीचे कप, भोंग्याचं डोकं, बाटली, सगळं. आकडा चुकला होता, ताई. तुमचा नाही, ज्याच्याशी मोजला तो. तुम्हाला रक्त पुरत नाहीये. ताई मधे बोलल्या नाहीत, आणि तिला वाटलं, पटलं असावं. कसलं काय.

"एवढे शिकलेले लोक तुम्ही," त्या म्हणाल्या, "आणि कॉफी पिऊन बसलात? मग उद्या म्हणशील बिस्किटाने चुकलं. मी नाही आता तुझं ऐकणार. मला नॉर्मल म्हणालीस तेव्हा मी किती दिवसांनी नीट झोपले, ठाऊक आहे? तो आकडा मी नाही परत करत."

स्वतःवरचा, साहेबांवरचा, त्या मुकाट मिटलेल्या दारावरचा सगळा राग तिने तिथेच ओकला. अहो ताई, मी चुकले, शंभरदा चुकले, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण टेबलावर तुम्ही जाणार आहात की रस्त्यावर, ते ठरवा. हे ती बोलत असतानाच पुढे चौक आला. एक बाई बाबागाडीत बाळ घेऊन रस्ता ओलांडायला उतरली. तिला ती दिसली. ताईंनाही दिसली असणार, कारण ताईंना सगळ्यांच्या आधी दिसतं आणि हिचा पाय उचलायच्या आत त्यांचा ब्रेक लागलेला असतो. एवढ्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. म्हणून ती क्षणभर थांबली. गाडी थांबली नाही.

मग तिने स्वतः जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी करकचून थांबली. ती बाई बाबागाडी ओढत मागे सरली, काहीतरी ओरडली आणि निघून गेली.

"मी दाबला होता," ताई म्हणाल्या.

तिने खाली बघितलं. ताईंचा पाय ब्रेकच्या शेजारी, रबरी चटईवर पडला होता. ताईंनीही बघितलं. मग त्यांनी हाताने स्वतःचा गुडघा धरून पाय उचलायचा प्रयत्न केला, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा. हिने गाडी कडेला घेतली आणि सर्जनला फोन लावला. हॉस्पिटल इथून दोन वळणांवर होतं, रुग्णवाहिकेची वाट बघण्यात वेळच जाणार होता. तिने भराभर सांगितलं, ब्रेक दाबला असं त्यांना वाटलं, पाय हललाच नाही, आत्ता, माझ्यासमोर. 

"आकडा राहू दे," सर्जन म्हणाला. "मी खाली येऊन थांबतो. आणा."

तिने गाडी काढली. आणि आयुष्यात जे तिला नेहमी हवं होतं आणि कधीच मिळालं नव्हतं, ते मिळालं. ताई गप्प होत्या. पहिल्या वळणाला तिने वळायचा दिवा न लावताच गाडी वळवली. मागच्याने हॉर्न वाजवला. ताई गप्प. तिने गिअर असा टाकला की खडखड आवाज झाला. ताई समोर बघत होत्या, ओठाचा एक कोपरा किंचित खाली आल्यासारखा वाटत होता, की तिलाच तसं भासत होतं, कळेना.

ताई, मी दिवा लावला नाही, ती म्हणाली. उत्तर नाही. ताई, गिअर चुकला माझा. काहीच नाही. तिचा धीर सुटला. ती रडत होती आणि चिडतही होती, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"बोला ना काहीतरी. इतकी वर्षं एक दिवस गप्प बसला नाहीत, आणि आज बसता? मी वाट्टेल तशी चालवतेय, दिसत नाही का तुम्हाला?"

दुसरं वळण आलं. हॉस्पिटलच्या दाराशी चढ होता, तिथे सर्जन चाकाची खुर्ची घेऊन उभाच होता, मागे दोन माणसं. तिने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, दार उघडून एक पाय बाहेर टाकला. ब्रेकवरचा पाय निघाला तशी गाडी हळूच मागे सरकायला लागली.

"हँड... ब्रेक," ताई म्हणाल्या. शब्द जड होता, अर्धा तोंडातच राहिलेला, पण आवाज तोच होता, खवचट आणि वैतागलेला. उजवा हात मांडीवरच राहिला, त्यांनी डावा हात मधे नेऊन स्वतःच ब्रेक वर ओढला. गाडी थांबली.

ती धावत पलीकडच्या दाराकडे गेली.